काचेच्या अलीकडचं बटण

माझ्या धाकट्या बहिणीला घरात खुट्ट म्हणतात. लहानपणी कुठे जरा खुट्ट वाजलं की ती अंथरुणात उठून बसायची आणि काय वाजलं ते सांगूनच परत आडवी व्हायची. ‘नळाचा वायसर गेलाय.’ ‘वरच्या आजोबांनी काठी बदललीय.’ तिच्या त्या कानांपायी मला उभ्या आयुष्यात एकदाही चोरून बिस्किटांचा डबा उघडता आला नाही.

आई-बाबा लवकर गेले. आम्हा दोघींना आत्याने वाढवलं. आत्या दातांच्या दवाखान्यात बसते आणि पेशंटचे नंबर पुकारते. तिचा आवाज असा आहे की दाढ ठणकणारा माणूससुद्धा नंबर ऐकून जरा सावरून बसतो. तरुणपणी ती स्टुडिओत गाईड गायची. म्हणजे मोठ्या गायिका रेकॉर्डिंगला येण्याआधी गाणं कसं जायचं ते कुणीतरी गाऊन ठेवायचं, मोठ्या बाईंनी ते ऐकून आपलं गाणं बसवायचं, आणि मग ते पहिलं गाणं पुसून टाकायचं. शिंप्याचा कच्चा टाका म्हणा ना. पक्की शिलाई आली की कच्चा टाका ओढून फेकतात.

एका गाण्यापर्यंत हे चाललं. ते गाणं तुम्हीही ऐकलं असणार. शेवटच्या कडव्यात एक ओळ अशी काही वर चढते की ऐकणाऱ्याचा घास हातात राहतो. तिचं गाईड आत्याने गायलं, आणि त्यानंतर तिला बोलावणं आलं नाही. ‘माझ्याच्याने तो वरचा सूर लागला नाही,’ आत्या सांगायची. ‘काचेपलीकडे सगळे गप्प बसले. तेव्हाच समजले मी. बाईंनी मात्र लावला बघ. घेतलाय अगदी माझ्याच वळणाने, पण लावला!’ तिने गाणं सोडलं ते असं सोडलं की स्वयंपाक करताना गुणगुणतसुद्धा नाही. दवाखान्यातल्या रेडिओवर ते गाणं लागलं तर तेवढी ओळ संपेपर्यंत ती पुढचा नंबर पुकारत नाही. लोकांना वाटतं, बाईंची केवढी भक्त आहे.

अशा घरात खुट्टने जाहीर केलं की तिला साउंड इंजिनीअर व्हायचंय. मी म्हटलं, ‘म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग?’ ती म्हणाली, ‘तेही करीन.’ आणि केलंही. मग कोर्स केला, दारोदार फिरली, आणि शेवटी एका जुन्या स्टुडिओत चिकटली. आत्या पूर्वी गायची तोच स्टुडिओ. तेव्हा तिथे यंत्रावर बसणारे रेकॉर्डिस्ट आता मालक झाले होते. त्यांना सगळे साहेब म्हणतात. खुट्ट कुणाची कोण, हे तिने मुद्दाम सांगितलं नाही. वशिल्याने लागली असं कुणी म्हणायला नको, एवढाच तिचा ताठा.

सुरुवातीला तिला नुसत्या वायरी गुंडाळायला लावलं. माइकची वायर हातावर कोपराशी वेढे देऊन गुंडाळली की आतून पिळते आणि मरते. एक वेढा सुलटा आणि एक उलटा घालावा लागतो. घरी येऊन तिने माझी कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा तशीच गुंडाळून ठेवली. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाली, ‘सोडून बघ, गाठ पडते का.’ पडली नाही. आता अशा मुलीशी काय भांडणार?

साहेबांचा नियम एकच होता. या खोलीत ऐकलेलं या खोलीतच राहिलं पाहिजे. आधीचा एक मदतनीस इथलं काहीतरी बाहेर बोलला, तो दुसऱ्या दिवशी दिसला नाही.

मग तिला खरं काम मिळालं. जुन्या टेपा खराब व्हायला लागल्या होत्या, त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या. टेपेवर प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर असतो. एकेक ट्रॅक सुटा ऐकायचा, कुठे खरखर आहे का पाहायचं. खुट्ट हरखून गेली होती. जेवताना आम्हाला सांगायची की अमक्या गाण्यात सतारवाला शिंकलाय.

एका संध्याकाळी ती आली आणि चपला न काढता खुर्चीत बसली. मी इस्त्री करत होते. आत्या दवाखान्यातून यायची होती.

‘काढलं का तुला?’ मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. ‘ताई, ती ओळ आत्याची आहे.’

‘कुठली ओळ?’

‘तीच. वरची. बाईंच्या ट्रॅकवर ती ओळच नाहीये. पूर्ण गाणं आहे, आणि तेवढ्या जागी काहीच नाही. शेजारच्या ट्रॅकवर एक आवाज आहे, फक्त तेवढी ओळ, बाकीचं पुसलेलं. तोच गाण्यात घातलाय. आणि ओळ संपल्यावर ती बोललीय, ताई. आत्या बोललीय.’

मी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं, आणि जमिनीवरच बसले.

‘स्वतःचा आवाज तिला ओळखता येत नाही?’ मी कशीबशी म्हणाले.

‘कुणालाच पटकन येत नाही. आपण स्वतःला आतून ऐकतो. त्यात मागे एवढी व्हायोलिनं, एवढा घुमारा. आणि गाणं बाईंचं आहे म्हटल्यावर कोण कशाला शंका घेईल? मीसुद्धा लहानपणापासून ऐकत आले. हे कान घेऊन!’

तिने स्वतःच्या कानाला चापट मारली. मी तिला कधी इतकं हादरलेलं पाहिलं नव्हतं.

‘सांगितलंस तर नोकरी जाईल,’ मी म्हटलं.

‘आणि नाही सांगितलं तर आत्या मरेपर्यंत म्हणत राहील, लागला नाही.’

तिने चपला काढून दाराशी ठेवल्या. मग ती म्हणाली, ‘मी सांगणारच नाही. तिला ऐकवीन. त्याच खोलीत.’

दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी ‘तुझी कामाची जागा तरी बघू’ म्हणत आत्या आपणहून निघाली. मीही गेले. ती खोली लहान आहे, भिंतींना करडी गादी मारलेली. समोर जाड काच, काचेपलीकडे गाणाऱ्याची खोली. अलीकडे टेबलभर आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, आणि त्यांच्या कडेला एक लाल बटण. ते दाबून बोललं तरच पलीकडच्याला ऐकू जातं. नाही दाबलं तर इकडे कुणी कितीही बोंबलो, तिकडे शांतता.

साहेब आतून आले आणि आत्याला बघून दारातच थांबले. ‘तुम्ही?’

‘ही माझी भाची,’ आत्या कौतुकाने म्हणाली.

साहेबांनी खुट्टकडे पाहिलं, मग पडद्यावर उघडलेल्या गाण्याकडे. ‘ते बंद कर,’ ते म्हणाले. खुट्टने बंद केलं नाही. तिने तो एकच ट्रॅक लावला.

खोलीत ती ओळ उठली. व्हायोलिन नाही, घुमारा नाही, नुसता उघडा आवाज. कोवळा, जरासा घाबरलेला, आणि तरी सरळ वर जाऊन थांबलेला. ओळ संपली आणि तोच आवाज बोलला, ‘नाही लागला ना हो? परत घेऊ? ... ऐकू येतंय का मी बोलतेय ते? ... बरं.’ मग पावलं, आणि दार लागल्याचा आवाज.

आत्या हसली. ‘अगं, ही तर मी!’ मग तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं. ‘पण ही ओळ...’

खुट्टने बाईंचा ट्रॅक लावला. ओळीच्या जागी रिकामं. मग सगळं मिळून लावलं, रेडिओवर लागतं तसं. आत्या टेबलाची कड धरून ऐकत होती.

‘म्हणजे लागला होता?’ तिने साहेबांना विचारलं.

‘पहिल्याच फटक्यात,’ साहेब खाली बघून म्हणाले. ‘बाईंना तिथे पोचता येणार नाही, हे संगीतकारांना तेव्हाच कळलं. आम्ही सगळे अवाक झालो होतो. तुम्ही विचारलंत तेव्हा माझं बोट बटणावरच होतं. संगीतकारांनी माझा हात धरला. म्हणाले, हिला आत्ता काही सांगू नका.’

‘आणि नंतर बोलावणं का बंद झालं?’

‘तुमचा आवाज इथे राहिला असता तर कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.’

माझं डोकं सणकलं. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यात गाढव हा शब्द सगळ्यात सौम्य होता. खुट्टने स्टुडिओची किल्ली काढून टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उचलली नाही, परत सरकवलीही नाही. तिची ती नोकरी गेली आणि पुढे दुसरी मिळाली, पण ते नंतरचं.

आत्या आमच्याकडे बघतच नव्हती. ‘नाव नको होतं हो मला,’ ती म्हणाली. ‘गाईडवालीला नाव नसतंच, ते ठाऊक होतं. लागला, एवढंच सांगायचं होतं तुम्ही.’

मग ती उठली, जड दार ढकलून पलीकडच्या खोलीत गेली. सवय अशी की कुठे उभं राहायचं हे तिला शोधावं लागलं नाही. तिने हेडफोन कानाला लावला. काचेतून तिचे ओठ हलताना दिसले. खुट्टने माइक उघडला.

‘आता दाबा ते बटण,’ आत्या म्हणत होती, ‘आणि सांगा.’

साहेबांनी बोट बटणावर ठेवलं. या खेपेला हात धरायला कुणी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

‘लागला होता,’ ते म्हणाले. ‘फार सुंदर लागला होता.’

आत्या काचेपलीकडे तशीच उभी राहिली. तिने डोळे पुसले नाहीत, मान डोलावली नाही. दवाखान्यात नंबर पुकारते त्या आवाजात ती म्हणाली, ‘आत्ता ऐकू आलं.’