आखणी करणाऱ्याची साक्ष

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. वडील अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत होते; ती पेणच्या एसटी स्टँडवर वाटायचे, उरलेली घरी आणायचे. भुतं नाहीत, भानामती नाही, पुरावा दाखवा: वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला एका स्थानिक साप्ताहिकात पेणच्या आकाशात उडती तबकडी दिसल्याची बातमी आली, तेव्हा सगळे हसले. मी चिडले. ठरवलं, ह्याची शास्त्रशुद्ध तपासणी करायची.

साक्षीदार आमच्याच गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यात कामाला होते. मूर्तीचे डोळे काढायचं काम, म्हणजे आखणी, त्यांच्याकडे होतं. बाकीचे कारागीर येतात-जातात, आखणी करणाऱ्याला मालक सांभाळून असतो. मी त्यांना काका म्हणायचे. दिवेलागणीला भोगावतीच्या काठी हातपाय धुताना त्यांना डोंगरावर एक उजेड दिसला होता. तो थांबला, आडवा सरकला आणि दिसेनासा झाला.

मी प्रश्नावली तयार केली. हात लांब करून मुठीने उंची मोजायची, शाळेतल्या होकायंत्राने दिशा घ्यायची. काकांनी सगळं न अडखळता दिलं. रंग विचारला तेव्हा मात्र म्हणाले, "तोंडानं नाय सांगता येत गो. थांब." त्यांनी ताटलीत शेंदरी घेतला, थेंबथेंब पांढरा टाकला, मग सुईच्या टोकाएवढा निळा. "हा."

इतका नेमका रंग मला पुन्हा कुणी सांगितला नाही. पण एका दिशेवरून काहीच ठरत नाही. उजेड दोन किलोमीटरवर होता की दोनशे, हे कळायला दुसऱ्या गावातून घेतलेली दुसरी दिशा लागते. दोन रेघा छेदतील तिथे वस्तू. ती दिशा मिळेपर्यंत मी साक्षीदाराचीच पारख करायला घेतली, आणि तीही शाळेच्या पटांगणात चारचौघांत, कारण आमच्या पत्रकांतल्या चाचण्या चारचौघांतच व्हायच्या.

सूर्य बुडाल्यावर मैत्रिणीने पाण्याच्या टाकीवर बॅटरी धरली.

"काका, किती दिवे?"

"दोन."

"नीट बघा."

काकांनी एक डोळा मिटला. "एक," ते म्हणाले.

"बाप्पाला चार डोळे काढायचा वाटतं," मागून कुणीतरी बोललं. लोक खदखदून हसले. मीही हसले. कारखान्याचा मालक तिथेच होता, तो हसला नाही.

काकांना दोन वर्षं एकाचे दोन दिसत होते. एक डोळा मिटून ते आखणी करायचे, आणि एकाही मूर्तीची नजर चुकली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाने त्यांचा ब्रश काढून घेतला आणि हातात पॉलिश पेपर दिला. कच्च्या मूर्ती घासायचं हे काम नव्या पोरांना देतात. मी पत्रक छापलं: साक्षीदाराच्या दृष्टीत दोष, प्रकरण बंद. दृष्टिदोषाने एकाचे दोन होतात, शून्याचा एक होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते लिहिलं नाही.

महिन्याभराने रोह्याच्या वर्गमैत्रिणीने सांगितलं की नदीपलीकडच्या अष्टमी गावात तिच्या शेजारी राहणाऱ्या एका मुसलमान बाईंनी, सगळे त्यांना खाला म्हणायचे, त्याच संध्याकाळी गच्चीवरून कपडे काढताना तसाच उजेड पाहिला होता. मी लगेच गाडी धरली, पूल ओलांडून त्यांच्या दारात उभी राहिले. खालांचा नवरा कुवेतला, त्या घरी शिवणकाम करायच्या. माझ्या हातातला कागद बघूनही त्यांनी मशीन थांबवलं नाही.

"कुठल्या दिशेला दिसला, खाला?"

"आभाळात."

"तुमचं नाव छापणार नाही."

"त्या पेणवाल्याचं तरी कुठं छापलं व्हतं? तरी आमच्यापर्यंत आलाच ना सगळा? मी सुईत दोरा ओवून खाते, बेटा. मी काय बघितला नाय. चहा घे आणि जा."

चहा चांगला होता. मी तो पूर्ण प्यायले आणि कोरा कागद घेऊन परत आले.

ताऱ्यावर दुर्बीण उद्या पुन्हा लावता येते. हा उजेड एकदाच येतो, आणि तो नोंदवणारं यंत्र म्हणजे कुणीतरी माणूस असतो, ज्याला सकाळी कामावर जायचं असतं. असल्या गोष्टींचा पुरावा कुणी देत नाही, असं आमचे चळवळीतले लोक अजून भाषणांत सांगतात. देणाऱ्याचं आम्ही काय करतो, ते सांगत नाहीत.

मी कारखान्यात गेले. काका एका मूर्तीची पाठ घासत होते.

"अजून एका बाईने पाहिलाय," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. "मग शेठला सांग गो. येवढाच सांग, ह्यानं खोटा नाय बघितला."

"त्यांनी सही दिली नाही. सहीशिवाय मी काही मांडत नाही."

"मी कुठं छाप म्हणतोय? आत बसलाय तो. दोन शब्द."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, काका."

"व्हय," ते म्हणाले. "पटांगणात मला उभा केलास, तवा कुणाची सही घेतली व्हतीस?"

मालकाच्या दारावरून मी तशीच बाहेर आले. त्या वर्षीच्या गणपतींची आखणी मालकाच्या भाच्याने केली. काकांनी त्याआधीच काम सोडलं होतं.