वाईनचा वास

मुलांनो, तुमचे बाबा तिकडे पोचले की आजीच्या घरी काय झालं ते सांगतीलच. काळजीपोटी थोडं वाढवूनही सांगतील, म्हणून त्याआधी मीच नीट लिहिते.

गेल्या पावसाळ्यातल्या तापानंतर मला वास येईनासा झाला. सर्दी नव्हती. कढीपत्ता चुरगळून नाकाशी धरला तरी काही नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कळलं असतं तर तुमच्या बाबांनी मला मलकापूरच्या या घरात एकटीला राहू दिलं नसतं. मी मोहरीच्या आवाजावर फोडणी करू लागले. गॅसचं बटण पुन्हापुन्हा जाऊन बघत असे. 

या खेपेला येताना तुमच्या बाबांनी तिकडून लाल वाईन आणली होती. तुमच्याकडे लोक रोजच्या जेवणाबरोबर घेतात तसली, स्वस्तातली, दोन जातींच्या द्राक्षांची मिळून केलेली. झाकण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखं फिरवून उघडायचं. दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी आम्ही बसलो: बाबा, मी आणि शेजारी राहणारी माझी धाकटी जाऊ. बाबांनी स्टीलच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. म्हणाले, "आधी वास घ्यायचा."

"पिकल्या जांभळाचा वास येऊन राह्यला!" जाऊ म्हणाली. "हे इमानात बसवून आणलं का रे बाबू? जांभळं तं आपल्या बांधावर सडून जातात."

"आई, तुला कसला येतो?"

मी पेला नाकाशी धरला. "जांभळाचाच," मी म्हणाले.

तेवढ्यात जाऊ ताडकन उठली. "गॅस! गॅस सुटला!"

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. बाबांनी धावत जाऊन सिलिंडर बंद केला, जाऊने खिडक्या उघडल्या.

"बाई, दारातच बसल्या होत्या तुमी. तुमाले वास काऊन नाही आला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पेल्याकडे. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, सुटलं आता हे घर.

"आई, माझ्यासोबत चल."

"कायले नेतं बाईले?" जाऊ म्हणाली. "दोन्ही वक्ताचा सैपाक माह्या घरी. इथली शेगडी बंद."

बाबांनी उतू गेलेलं दूध पुसून घेतलं. "दिवाळीपर्यंत बघू," एवढंच म्हणाले.

मला पेला धरवेना. जाऊने माझ्या तळहातावर थोडी वाईन ओतली. मी ती प्यायले आणि सवयीने ओला हात डोक्यावरून फिरवला.

"बाई, दारू हाये ते, तीर्थ नोहे!"

तुमचे बाबा हसले, आणि मग डोळे पुसू लागले.

वाईन आंबट लागली, मागून कच्च्या जांभळासारखी तुरट. जीभ चिकटली टाळूला. दिवाळीला तुमचे बाबा काय ठरवतात कुणास ठाऊक. सिलिंडर अंगणात काढून ठेवलाय. वास गेला. आंबट, तुरट, गोड, खारट मला अजून कळतं.