आठवा लागायच्या आत

शकु कांबळे आमच्याकडे नर्स होती. गोरेगाव पूर्वेचं पालिकेचं लहानसं प्रसूतिगृह, साल १९८४, आणि मी तिथली डॉक्टर. सलाइनचे थेंब नीट मोजणाऱ्या नर्सेस मी आयुष्यात फार थोड्या पाहिल्या. शकु त्यांतली.

दिंडोशीची जयंती सातव्या महिन्यातच कळा घेऊन आली. कळा थांबवायचं औषध सलाइनमधून सुरू केलं. बाळाच्या फुफ्फुसांना बळ यावं म्हणून दोन इंजेक्शनं द्यायची ठरली, चोवीस तासांच्या अंतराने. बाळाचा भार खाली येऊ नये म्हणून पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या. त्या औषधाने बाईची छाती धडधडते, म्हणून शकु दर पाव तासाला नाडी बघून थेंब कमीजास्त करी. दोन दिवस निघाले असते तर पोर वाचण्याची आशा होती.

सासू जानकी उशाशी बसून. "परवा आठवो लागता. सातव्यातला पोर जगता, आठव्यातला नाय. आताच सोडवा पोरीक."

"मावशी, पोर काय पंचांग बघून श्वास घेतं?" शकु म्हणाली. "पोटात राहील तेवढं बरं. आणि कशाला हात लावायचा नाही, समजलं ना?"

दुसऱ्या दुपारी शेजारच्या खोलीत एक बाई अडली. दोन खोल्यांना नर्स एकच. शकु तिकडे धावली. परत येऊन बघते तर नळीवरची चकती घट्ट फिरवलेली, थेंब बंद आणि जयंती कण्हतेय. औषध पुन्हा चालू केलं, पण कळा ऐकेनात. संध्याकाळी मुलगा झाला, सव्वा किलोचा. बरगड्या आत ओढत दोन तास श्वास घेतला त्याने. मग तेही थांबलं.

जयंतीच्या नवऱ्याने, दत्तारामने, अर्ज दिला: नर्स जागेवर नव्हती. यात खोटं काय होतं?

मी शकुला म्हटलं, "लिहून दे गं, सासूने बंद केलं म्हणून."

"जयंतीने पाय धरले माझे, बाई. तिला त्याच घरात परत जायचंय."

"आणि तुझं काय?"

"माझं तुम्ही बघा ना. नर्स एकच होती, एवढं तुम्ही लिहा."

नाही लिहिलं. माझी बढती तोंडावर होती आणि वरच्यांना असली वाक्यं आवडत नसत. ‘निष्काळजीपणा’ असं टाइप केलेल्या मेमोवर मी सही केली. शकुने तो उभ्यानेच वाचला, पोच दिली आणि वॉर्डात गेली. महिन्याभरात तिची बदली झाली.

बढती मला मिळाली. त्या दोन खोल्यांना नर्स एकच राहिली.