पाण्याची हजेरी

आयुष्यात मी पुष्कळांची बोलणी खाल्ली. वडिलांची, तालुक्याच्या साहेबांची, बायकोची तर रोजचीच. त्यातली बहुतेक या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली. पण आमच्या दूध संस्थेत कॅन धुणाऱ्या मावशीनं एका दुपारी मला जे ऐकवलं, त्याबद्दल मी आजही तिचा आभारी आहे. तिनं तोंड उघडलं नसतं, तर मी स्वतःला मोठा न्यायी माणूस समजत म्हातारा झालो असतो.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि पाटोद्याकडच्या आमच्या गावातल्या सहकारी दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो. बौद्धवाड्यातला पहिला पगारी नोकर. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हतो. शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून फिरायचो. पण त्या वर्षी दुष्काळ असा पडला की जनावरं छावणीला गेली आणि संस्थेत दूध यायचंच थांबलं. कॅन पालथे पडले. निम्मं गाव ऊसतोडीला गेलं. मागे राहिल्या बायका, शाळकरी मुलं, म्हातारी माणसं आणि मी.

गावाला रोज एक टँकर मिळू लागला. तो उभा राहायला ऐसपैस जागा संस्थेच्या अंगणातच होती, म्हणून पाणीवाटपाचं काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी ते हौसेनं गळ्यात घालून घेतलं.

आमच्याकडे पाण्याची रांग हंड्यांची असते. बाई सकाळी येऊन रिकामा हंडा रांगेत ठेवते आणि कामाला जाते. तिच्या जागी हंडा उभा. टँकर आला की पोरं ओरडतात, बायका येतात, आपापल्या हंड्यामागे उभ्या राहतात. पद्धत चांगली होती, पण तिच्यात एक खोट होती आणि ती मला लहानपणापासून टोचत होती. आमच्या वाड्यातल्या बायकांचे हंडे रांगेत सरकायचे. सकाळी चौथा ठेवलेला हंडा दुपारी विसावा व्हायचा. कुणी सरकवला, ते कधीच कळायचं नाही. माझ्या आईचा हंडा असा सरकलेला मी कितीदा पाहिला होता. ती काही बोलायची नाही, मागे जाऊन उभी राहायची. मला तिचा आणि गावाचा, दोघांचाही राग यायचा.

तर माझ्या हातात कारभार आल्याबरोबर मी पहिलं काम केलं ते हंड्यांची रांग मोडायचं. दुधाला जी पद्धत, तीच पाण्याला. दूध घालायला माणूस स्वतः समोर उभा राहतो, नाव सांगतो, मगच माप होतं. मी एक रजिस्टर आखलं. कुटुंबाचं नाव, पाणी न्यायला येणाऱ्या बाईचं किंवा मुलीचं नाव, घरात माणसं किती, आणि घरातली मोठी माणसं हजर, कामावर की बाहेरगावी. शेवटचा रकाना अशासाठी की ऊसतोडीला गेलेल्यांच्या नावावर कुणी जादा पाणी नेऊ नये. टँकरला नळी लागली की मी खुर्चीवर उभा राहून हे सगळं खणखणीत आवाजात वाचायचो. लपवाछपवी नको. गावानं ऐकावं आणि कुणाला शंका असेल तर तिथंच बोलावं.

पहिल्या दिवशी आमच्या वाड्यातल्या एका बाईला तिसऱ्या नंबरला पाणी मिळालं आणि वरच्या आळीच्या बायका तोंड वाकडं करून मागे उभ्या राहिल्या. मला आभाळ ठेंगणं झालं. त्या रात्री जेवताना आईला मी चारदा तेच सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. पण उन्हात लई येळ उभं राहावं लागलं." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

टँकरची वेळ ठरलेली नसायची. कधी बारा, कधी चार. हंडा उन्हात उभा राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. बाई मात्र तीन-तीन तास रस्त्याकडेला ताटकळायची, समोरच्या टपरीवरची रिकामटेकडी टाळकी तिच्याकडे बघत बसायची आणि टँकर आला की ड्रायव्हर नळी हातात धरून थट्टा करायचा. "हसून माग की, जास्त देतो." बायका पदर ओढून घ्यायच्या. मी हे सगळं बघत होतो आणि काहीच बघत नव्हतो. माझं लक्ष रजिस्टरात.

दहावीतली एक मुलगी रोज यायची. तिचे आईवडील आणि चुलता ऊसतोडीला गेलेले. घरी ती, तिची लहान बहीण आणि चुलती. चुलती दिवसभर रोजगार हमीच्या कामावर. मुलगी अभ्यासाचं पुस्तक घेऊनच रांगेत उभी राहायची, म्हणून ती मला आवडायची. एक दिवस ती आली नाही. मी नाव वाचलं, उत्तर नाही, फुली मारली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी खुर्चीवरून सुनावलं, "पाणी नको असेल तर तसं सांगा, नाव कमी करतो."

टँकर गेला. बायका गेल्या. मी रजिस्टर बगलेत मारून आत आलो, तर मावशी रिकाम्या कॅनवर बसलेली. दूध नव्हतं तरी ती रोज येऊन कॅन पुसून ठेवायची. वरच्या आळीतली विधवा बाई, बोलायला फटकळ, पण माझ्याशी जपून असायची, कारण मी सेक्रेटरी. त्या दिवशी तिनं जपणं सोडलं.

"कावून बोलला पोरीला तसं?"

"तीन दिवस गैरहजर आहे ती."

"येणार कशी? तीन दिसांमागं त्यो ड्रायव्हर टँकर घेऊन तिच्या दारात गेलता. म्हणला, तुझं नाव मला ठावं हाय, तुझे आईबाप कारखान्यावर हायेत, चुलती कामावर हाय, दार उघड, घरात पाणी देतो. पोरीनं कडी लावली. त्यो दार वाजवीत हसत उभा. काल पुन्हा गेलता."

मी म्हणालो, "त्याला कसं कळलं घरी कुणी नाही ते?"

मावशी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "सेक्रेटरी, तुमी रोज खुर्चीवर चढून वाचता, अन् त्यो रोज ऐकतो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, असं लिहितात लोक. मला तसलं काही झालं नाही. मला आधी राग आला. मी म्हणालो, तुमच्याच आळीतल्या बायका आमचे हंडे सरकवायच्या, म्हणून तर मी हे केलं. मावशी म्हणाली, "सरकवायच्या. म्या बी सरकवलाय तुझ्या आईचा हंडा, खोटं कावून बोलू? त्याची लाज हाय मला. पण हंडा सरकला तर पाणी उशिरा मिळतं. पोरीच्या दारात माणूस आला तर काय व्हतं, ते तुला कुणी शिकवलं न्हाई."

तिनं 'तुमी' वरून 'तू' वर केव्हा उडी मारली, ते मला नंतर लक्षात आलं. तेव्हा फक्त मान खाली गेली. मी घरी जाऊन रजिस्टर उघडलं आणि 'बाहेरगावी' असं लिहिलेली घरं बोटानं चाचपली. पानंच्या पानं. माझं अक्षर चांगलं आहे, याचा मला पहिल्यांदाच संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं दोन्ही आळींच्या बायका संस्थेत गोळा केल्या. मी माफी मागायला उभा राहिलो तर ती म्हणाली, "ते मागून. आधी हौद धुवा." कॅन गार राहावेत म्हणून संस्थेत सिमेंटचा मोठा हौद होता, दूध बंद झाल्यापासून कोरडा. बायकांचं म्हणणं साधं होतं. टँकरनं हौदात पाणी ओतावं आणि निघून जावं. तो फाट्याच्या पुढे गेला की मग वाटप. हंड्यांची रांग परत सुरू, पण राखणीला रोज दोघी, एक वरच्या आळीची आणि एक बौद्धवाड्यातली. ज्या घरची बाई एकटी, तिचा हंडा शेजारीण नेईल. नाव कुणी वाचायचं नाही.

पंधरा मिनिटांत ठरलं. मी महिनाभर रकाने आखत होतो आणि एकदाही यांना विचारलं नव्हतं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हौदात उतरलो आणि तळ घासला. बायकांनी माझी यथेच्छ चेष्टा केली. माझी आई सगळ्यात मोठ्यानं हसत होती.

ड्रायव्हरची तक्रार घेऊन मी आणि सात बायका पाटोद्याला तहसीलच्या व्हरांड्यात जाऊन बसलो. संध्याकाळपर्यंत त्याला आमच्या गावावरून काढलं. कुठल्या गावाला टाकलं, हे विचारलं तर साहेब वैतागले. मी मात्र शोधून काढलं आणि तिथल्या सेक्रेटरीला सविस्तर चिठ्ठी पाठवली, हौदाच्या युक्तीसकट. स्वतःची चूकही लिहिली. ती लिहिताना तीन कागद फाडले, हे कबूल करतो.

पण मुलीचं निस्तरलं नव्हतं. गावात कुजबूज सुरू झाली होती, की दारात टँकर उगाच जातो का. ती कुजबूज तिच्या बापापर्यंत पोचली आणि त्याचा निरोप आला. परीक्षा राहू दे, पोरीला घ्यायला येतो, टोळीतच एक मुलगा बघितलाय, इथंच उरकून टाकू. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादम जोडीलाच काम देतो. लग्न झालं की पोरीचा एक कोयता तयार. परीक्षेला पाच आठवडे होते. मुलगी मावशीकडे येऊन नुसती बसून राहिली. रडली नाही. पुस्तक मात्र आणलं नव्हतं.

मी आणि मावशी एसटीनं निघालो. दिवसभर प्रवास करून पश्चिमेकडच्या एका कारखान्याच्या अड्ड्यावर पोचलो. पाचटाच्या झोपड्यांची, म्हणजे कोप्यांची, ओळच ओळ. बाप मोळ्या बांधून नुकताच आला होता. आई तीन दगडांच्या चुलीपाशी. मी वाटेत जुळवलेलं भाषण काढलं: मुलगी हुशार आहे, पाण्याची व्यवस्था बदलली आहे, ड्रायव्हर गेला आहे.

बाप शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "सेक्रेटरी, घरी माणूस न्हाई, हे भर चौकात तुमीच वाचलं ना?"

"हो," मी म्हणालो. "मीच. चूक माझी आहे. तिची शिक्षा तिला देऊ नका."

"शिक्षा कसली? म्या हितं उसात, ती तिथं एकटी. काय झालं तर कुणाला धरू? तुमाला?"

तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. मावशी म्हणाली, दोघी पोरी माझ्या घरात राहतील, माझ्या ताटात जेवतील. बाप जमिनीकडे बघत राहिला. मुकादमाला शब्द दिलाय, असं काहीतरी पुटपुटला.

तेव्हा चुलीपाशी बसलेली आई उठली. आम्ही आल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली, हात पदराला पुसले आणि नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कोयता तुमचा अन् माझा हाय," ती म्हणाली. "तिचा न्हाई. आपला आपण वढू. मुकादमाला म्या सांगते."

बाप तिच्याकडे बघत राहिला. भाकरी करपायला लागली तशी ती परत चुलीकडे वळली. पाठमोरा बसून बाप म्हणाला, "परीक्षा होऊ द्या मग." आणि आम्हाला जेवायला बसवलं. ती करपलेली भाकरी त्यानं स्वतः घेतली.

मुलगी मावशीच्या घरात राहिली, पास झाली, पुढे शिकली. तिचं लग्न झालं ते तिनं होकार दिल्यावर, बऱ्याच वर्षांनी. त्या दोन बायकांचे उपकार फेडायला मला कुठलं माप पुरणार नाही आणि मी ते फेडायचा प्रयत्नही करत नाही. नुसते आठवतो आणि बरं वाटतं.

परतीच्या एसटीत मी खुशीत होतो. मावशीला म्हणालो, आईनं काय सुनावलं बघा, बाप गारच पडला. मावशी खिडकीबाहेर बघत होती. मी वाकून पाहिलं तर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढी फटकळ बाई, मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"मावशी, काम तर झालं. कावून रडताय?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"माझं लगीन लावलं तवा म्या तेरा वर्साची व्हते," ती म्हणाली. "माझी आय बी तशीच चुलीपाशी बसली व्हती. बोलली न्हाई."