नानाचा ‘बॉस’

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी खांडबाऱ्याहून नंदुरबारला यायचं सोडून सुरतेकडच्या गाडीत ऐटीत बसलो होतो. “काका, नाना ग्यात...” त्याची मुलगी सोनल एवढंच बोलली. गाडी मला भलतीकडे नेत होती. हे नानाला कळलं असतं, तर तो फक्त “बॉस...” म्हणाला असता.

माझ्या या चुलतभावाकडे इंग्रजीतला तेवढाच एक शब्द होता, आणि त्यात त्याचं अख्खं जग मावायचं. अडून बसलेल्या बैलाला बॉस, तलाठ्याला बॉस. पपई कापली नि आत लालबुंद निघाली, की नुसतंच “बॉस!” वरणात मीठ जास्त झालं, की वहिनीकडे बघून हळूच “बॉस...”, आणि ती निमूट दही आणायची. कुणाच्या मयताला गेला, की मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तेच म्हणायचा. सकाळपासून दगड होऊन बसलेला मुलगा तेव्हा कुठे रडायचा. मी हे कितीदा पाहिलं, पण त्याला ते कसं जमायचं ते मला आजही कळलेलं नाही.

सोनलच्या लग्नात टॉवेल-टोपीच्या मानाची नावं पुकारायला माइक माझ्याकडे होता. स्वतःच्या आवाजावर मी इतका खूश, की नवरदेवाचे फुवा, म्हणजे त्याच्या आत्याचे यजमान, राहूनच गेले. ते उठले. “आम्हनी काही किंमत शे का नही? चला रे, गाडी काढा!” निम्मं वऱ्हाड उठलं. सोनल हार हातात धरून तशीच उभी. मी सावरायला गेलो आणि माइकवरून म्हणालो, “ज्यांचं नाव राहिलं, त्यांनी स्वतः येऊन टोपी घेऊन जावी!” मग उरलेलं वऱ्हाडही उठलं.

नाना रिकाम्या हातानं गाडीपाशी गेला. नवरदेव मागोमाग. “बॉस...” नाना म्हणाला, आणि थांबला. त्यात गयावया नव्हती, सारवासारवही नव्हती. पोरीचा बाप होता, एवढंच. फुवा तडकले, “पुढे काही बोलशी का नही?” नानाची नजर त्यांच्यावरच. फुवांचा चेहरा हळूहळू सैलावला. “ह्याले आते काय सांगू मी!” म्हणत ते मांडवाकडे वळले. मी तोंड उघडून बघत राहिलो. माइक चालूच होता.

गंधमुक्ती होऊन नानाचं सुतक फिटलं, त्यानंतर काही दिवसांनी सोनल माहेरी आली, ती नवऱ्याशी भांडूनच. ओसरीत नानाच्या खाटेवर पाठ फिरवून बसली. “मी आते जावाव नही,” सासरचं नाव काढताच म्हणाली. पाठोपाठ जावई आले, ते दारातच घुटमळले. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी घसा खाकरून “बॉस...” म्हणालो, तर हॉटेलात पाणी मागवल्यासारखं वाटलं. कुणी हललंसुद्धा नाही.

मग जावई पुढे आले. “बॉस...” म्हणाले, आणि थांबले. आवाज त्यांचाच होता, थांबणं मात्र नानाचं.

सोनल खाटेवर थोडी सरकली, आणि तिनं जागा केली.