आधी डावा अंगठा

भयकथा मी पुष्कळ वाचतो. त्यांत एक गोष्ट मला नेहमी खटकायची. पछाडलेला माणूस पहिल्याच पानावर घोगऱ्या आवाजात बोलू लागतो. प्रत्यक्षात तसं होत नाही, हे मला ठाऊक होतं, कारण मी मोजलं होतं.

दसऱ्याला आमच्या देवळात ढोल वाजू लागले की शेजारच्या काकांच्या अंगात देव येतो. आम्ही त्याला अवसार म्हणतो. लोक त्यांच्यापुढे आजारपणं, अडलेली लग्नं घेऊन उभे राहतात, आणि देव काकांच्या तोंडून उपाय सांगतो. काकांचा तीस वर्षांचा मान आहे तो. मी बाजूला घड्याळ धरून उभा असायचो. आधी डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर तीनदा आपटायचा. मग टाच. साधारण चार मिनिटांनी खांदे. आवाज सगळ्यात शेवटी, आणि तो घोगरा नाही, उलट बारीक.

हे सगळं मी एका दिवाळी अंकातल्या कथेत घातलं. कथेत मुंबईतला इंजिनियर होता आणि त्याच्या अंगात शिरलेला सैतान. अंगठा, टाच, खांदे मात्र काकांचे. संपादकांनी कळवलं, वर्णन फार खरं वाटतं. मी ते पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

पुढच्या दसऱ्याला ढोल वाजले, देवाला बोलावणारं गाऱ्हाणं झालं, आणि काका नुसते उभे राहिले. पुन्हा गाऱ्हाणं झालं. पंचवीस मिनिटांनी ते खाली बसले. देव रागावला, असं गाव म्हणालं. मी घड्याळ खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. ते घरापुढच्या खळ्यात सुपाऱ्या सोलत होते.

"बस. नातीन तुजी गोष्ट वाचून दाखवल्यान. तो अंगठो माजोच मा रे?"

"माजा चुकला, काका."

"चुकला खंय? सगळा बरोबर लिवलंस, ताच तर वायट झाला." सोललेली सुपारी त्यांनी टोपलीत टाकली. "तीस वर्सां माका म्हायतच नव्हता आधी काय हालता ता. आता ढोल वाजले की अंगठोच दिसता. देव येवच्या आदी तू येतंस. मगे देवाक वाट खंय?"

कथेत सैतान लिहिला म्हणून माझा हात चालला; देव लिहिला असता तर कदाचित मीच घाबरलो असतो.

मी निघालो तेव्हा ते म्हणाले, "फुडच्या दसऱ्याक घड्याळ घरात ठेय. आणि तूय घरात रव."

यंदा मी घरातच राहिलो. ओसरीवर बसून ढोल ऐकले. दुपारी बायको देवळातून आली ती हसतच.

"इलो अवसार! बरो इलो. गाव कसो खूश झालो! काकांनी सगळ्यांका उपाय सांगल्यानी, कोणाक म्हणून सोडूक नाय."

मला बरं वाटलं. तरीही विचारल्याशिवाय राहवलं नाही. "आधी कुठलो पाय हाललो?"

ती आठवू लागली. "उजवो. कित्याक?"

"काय नाय," म्हणालो. देव पाय बदलत नाही, माणूस बदलतो.

आजारी माणसांची घरं आज समाधानानं जेवली असतील. काका जेवले की नाही, ते विचारायला मी अजून गेलेलो नाही.