‘पन्नास डिग्री’ कुणी कुणी ऐकलं

मत नाही असा मराठी माणूस मला कुवेतमध्ये अजून भेटायचाय. न विचारता देतात, तर विचारल्यावर काय होत असेल! आणि आमच्या नितीननं तर चक्क विचारलं. मग किस्से साचणारच. फ्रिजमधल्या डब्यांसारखं झालंय, एक काढायला जावं तर चार हाताला लागतात.

नितीन म्हणजे शर्क भागातल्या एका बँकेत आयटी सांभाळणारा, टाय लावून जाणारा सज्जन माणूस. घरी आला की टाय काढतो, हेडफोन चढवतो आणि लॅपटॉपला कीबोर्ड जोडून नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत करतो. त्याची बायको मनीषा माझी जुनी शेजारीण. लग्न होऊन आली तेव्हा दोघं मंगफला आमच्या शेजारी एका खोलीत राहायचे. त्या खोलीतला खिडकीचा एसी घर्र घर्र करत मध्येच गप्प व्हायचा, आणि मनीषानं एक सणसणीत थाप दिल्याशिवाय परत सुरू व्हायचा नाही. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. आता बनेद अल-गारला समुद्राजवळ मोठा फ्लॅट आहे, सेंट्रल एसी आहे. थाप द्यायची वेळच येत नाही.

तर या नितीननं दोन वर्षं खपून अल्बम काढला. नाव ‘पन्नास डिग्री’. इथला जुलै ज्यानं काढलाय त्याला नाव समजावून सांगावं लागत नाही.

*

त्यानं इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लिंक टाकली. एका मिनिटात सबनीसांचं उत्तर, “अप्रतिम! शेवट तर डोळ्यांत पाणी आणणारा!”

अल्बम पाऊण तासाचा आहे!

सबनीस आमच्या मंडळाचे अध्यक्ष. थोड्या वेळानं त्यांचा मला खासगीत मेसेज. “ताई, ती लिंक कशाची आहे हो?”

*

पेंडसेकाका मात्र तसे नाहीत. शास्त्रीय संगीताचे जुने कानसेन. डोळे मिटून, पायावर पाय टाकून त्यांनी अख्खा अल्बम ऐकला आणि नितीनला फोन केला.

“वा! वातावरण सुरेख बांधलंयस. तानपुरा तर काय लागलाय!”

नितीन खूश. “थँक यू काका!”

“आता मला सांग, गाणं कधी सुरू होणार?”

“काका... संपलं ते.”

*

माझ्या नवऱ्यानं, विवेकनं, अल्बम गाडीत लावला. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसरं लागलं आणि गाडीतून घर्र घर्र आवाज यायला लागला. आमचे हे घाबरले! आदल्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालेलं. गाडी तडक शुवैखच्या गॅरेजमध्ये.

मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, खाली सरपटून बघितलं. मग इंजिन बंद करायला सांगितलं. इंजिन बंद, तरी घर्र घर्र चालूच! त्यानं खिडकीतून हात घालून स्टिरिओ बंद केला आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, “साब, गाडी ठीक है. गाना खराब है.”

विवेकनं हे नितीनला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मी सांगितलं. एवढा ऐवज कोण पोटात ठेवणार?

*

त्याच गाण्यानं सबनीसांचाही घात केला. शेवटी एकदाचा त्यांनी अल्बम ऐकायला घेतला, तर तिसऱ्या गाण्यात मधेच सगळं चिडीचूप. सबनीसांनी इंटरनेट कंपनीला फोन लावून तिथल्या पोराला अर्धा तास झाडलं.

हे ऐकून नितीन रडकुंडीला आला. “वहिनी, तो थांबा मुद्दाम आहे! सगळं थांबतं, माणूस श्वास रोखतो, आणि मग धाडकन ठोका येतो. तिथं माणसं उठून नाचतात!”

“अरे बाबा,” मी म्हटलं, “आपली माणसं तिथं कस्टमर केअरला फोन करतात!”

*

घरात तरी कौतुक असावं? त्याची लेक इरा बारावीत आहे. तिनं एक कान देऊन दोन गाणी ऐकली आणि बापाच्या खांद्यावर थोपटत म्हणाली, “इट्स नाइस, बाबा. फॉर योर एज.”

खरं तर सगळ्यांत प्रामाणिक दाद माझीच. मी दुसरं गाणं लावून मेथी निवडते. हात असा भरभर चालतो की गाणं संपायच्या आत जुडी संपते. हे मी नितीनला मनापासून सांगितलं. तो म्हणाला, “निदान कुणीतरी हललं!”

*

हसत होतो आम्ही, पण एक दिवस नितीन माझ्याकडं चहाला आला तेव्हा चेहरा उतरलेला होता. मनीषानं अल्बम ऐकलाच नव्हता. विचारलं की म्हणायची, “ऐकते, जरा आवरून.”

“वहिनी, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. तिसरं गाणं मी तिच्यासाठी केलंय. तिला कळलं नाही ना, तर तो कीबोर्ड विकून टाकतो. पुरे झालं.”

“मग सांग की तिला!”

“सांगून काय उपयोग? कळायला पाहिजे.”

मी मनीषाला गाठलं. ती म्हणाली, “मला भीती वाटते गं. नाही आवडलं तर? त्याच्या तोंडावर मला खोटं बोलता येत नाही.” दोघांचाही इतका राग आला मला, आणि तितकीच मायाही.

*

थंडीत इथं सगळे वाळवंटात तंबू ठोकतात. आमच्या मंडळानंही एका शुक्रवारी ठोकला. नितीननं मोठा स्पीकर आणला होता आणि भर दुपारी अल्बम लावला. पण नाचणार कोण? नाचाला थोडा ‘आधार’ लागतो, आणि या दारूबंदीच्या देशात आधार म्हणजे ताक! पुरी-भाजी खाऊन, वर दोन दोन ग्लास ताक पिऊन मंडळी सतरंजीवर पेंगत होती. मनीषा पाठ करून उरलेल्या पुऱ्या आवरत होती. नितीन कुणाकडं न बघता स्पीकरशेजारी उभा होता.

तिसरं गाणं लागलं. घर्र घर्र... विवेकनं सवयीनं गाडीकडं बघितलं.

आणि मधेच सगळं बंद.

“गेलं नेट!” सबनीस ओरडले.

मनीषाच्या एका हातात पुऱ्यांचं ताट होतं. ती वळली, तरातरा स्पीकरपाशी गेली आणि मोकळ्या हातानं तिनं त्याला एक सणसणीत थाप दिली.

धाड्! ठोका सुरू झाला.

तिचा हात स्पीकरवर तसाच राहिला. तिनं नितीनकडं बघितलं. नितीन तिच्याकडं बघत होता, रडतोय की हसतोय ते त्यालाही कळत नसावं.

“गाढवा,” ती म्हणाली, “दोन वर्षं हेडफोन लावून हे करत होतास?”

मग तिनं पुऱ्यांचं ताट सबनीसांच्या हातात कोंबलं, पदर खोचला आणि म्हणाली, “आवाज वाढव!”